गाईनं खाल्लेलं शीड

सोलापुरात शिडाच्या बोटींच्या शर्यती होत असत असं मी म्हटलं, की बाहेरगावची माणसं हसतात. समुद्र कुठाय तुमच्याकडं, असं विचारतात. माझं डोकंच फिरतं. समुद्र नाही, पण हिप्परग्याचा तलाव आहे की, आणि तो नाताळच्या सुमारास बांधापर्यंत भरलेला असायचा, वारा सुटला की त्यावर लाटा उठायच्या. साहेबलोकांचा तिथं एक क्लब होता, आणि नाताळात तीन दिवस शर्यत चालायची. रोज एक फेरी, आणि तिन्ही दिवसांचा हिशेब करून नंबर. त्यातल्या एका वर्षी मी बोटीत होतो. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

मी कोष्ट्याचा मुलगा. भवानी पेठेत आमचे दोन माग होते. वडील गेल्यावर एकावर आई बसायची, एकावर मी. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, गल्लीत मराठी, आणि समोरच्या टांगेवाल्या चाचांशी दखनी. चाचा टांगे हाकत नव्हते, टांगे बनवायचे. अर्ध्या शहराचे टांगे त्यांच्या हातचे. सागवान, बाभूळ, लोखंडी धाव, सगळं त्यांच्या दारात पडलेलं असायचं. आमच्याकडं मागाचा खटका आणि त्यांच्याकडं लाकूड तासणाऱ्या वाकसाचे घाव, अशी आमची गल्ली दिवसभर बोलत असायची.

गिरणीतल्या एका साहेबानं चाचांकडं बोटीचा नकाशा आणून दिला आणि म्हणाला, करून दे. चाचांनी आयुष्यात बोट केली नव्हती. पण लाकूड वाकवायचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी करायला घेतली, आणि बोट अर्धी झाली तोवर साहेबाची बदली झाली, तो गेला. दुसऱ्या कुणी त्या फळ्या सरपणात घातल्या असत्या. चाचांनी बोट पुरी केली. पेठ हसत होती. टांग्याच्या कारखान्यात छताला टांगलेली बोट बघायला पोरं यायची, आणि चाचा त्यांना हाकलायचे.

ती बोट खाली उतरली ती फिटरमुळं. हा फिटर कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातला, मूळचा रत्नागिरीकडचा, दर्यावर्दी खारव्यांच्या घरातला. सुट्टीला सोलापुरात यायचा आणि आमच्या शेजारच्या खानावळीत जेवायचा. एकदा चाचांच्या दारावरून जाताना त्याला बोट दिसली. तो आत गेला आणि बोटीच्या पोटावरून हात फिरवत राहिला. देशावर आल्यापासून त्याचा बोटीला हात लागला नव्हता. मग म्हणाला, “चाचा, ही पाण्यात कधी घालायची?” चाचा म्हणाले, “चलानेवाला मिला तो.” झालं. फिटरला दोर ओढायला एक माणूस हवा होता, आणि मी समोरच उभा होतो.

आता चाचांच्या डोळ्यांचं सांगायला हवं, कारण हे सगळं त्यासाठीच आहे. त्यांना काचबिंदू झाला होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. काचबिंदूचं तसं नाही, आहे तेवढी नजर जपा, ती हळूहळू जाणार, असं मिरजेच्या डॉक्टरानं त्यांना तोंडावर सांगितलं. दसऱ्याला ते रस्त्यापलीकडचा माणूस ओळखत होते. दिवाळीला आवाजावरून ओळखायला लागले. कामावर पोरं होती, त्यांच्या हातातलं लाकूड ते बोटांनी तपासायचे.

फिटर त्यांना म्हणाला, तुम्ही बसा बोटीत, मी नेतो. चाचा म्हणाले, नक्को. “टांगा बनवणारा टांग्यात बसून काय बघणार? घोड्याचं ढुंगण? रस्त्यावर उभं राहून बघायचं असतं. आणि एकटा टांगा बघण्यात अर्थ नाही, शेजारनं दुसरा धावला तरच चाल कळते.” त्यांनी बनवलेला प्रत्येक टांगा ते पहिल्या दिवशी असेच रस्त्याच्या कडेला उभे राहून बघायचे. बोटही त्यांना तशीच बघायची होती, दुसऱ्या बोटींच्या बरोबरीनं धावताना. पुढच्या नाताळपर्यंत डोळे थांबणार नव्हते. हे ते कधी बोलले नाहीत, पण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षी साहेबांच्या बोटी कमी भरल्या, म्हणून क्लबानं ज्याच्याकडं बोट असेल त्याला यायची मुभा दिली. फिटरनं जाऊन नाव घातलं.

शीड आमच्या घरचं. जाड सुताचे पट्टे मी मागावर विणले आणि फिटरनं ते जोडून शिवले. पण उभारून बघितलं तर कापडातून वारा पार होत होता. फिटर म्हणाला, “मेल्या, हे शीड आहे की चाळण?” मला राग आला. माझ्या विणीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, थांब, ह्याला खळ लावतो.

आमच्या पेठेत सकाळी रस्त्यावर ताणे पसरलेले असायचे आणि बायाबापड्या कुंच्यानं त्यावर खळ मारत असायच्या. पाजणी म्हणायचे त्याला. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज. सुताला ती पाजली की सूत ताठ होतं, तंतू बसतात, तुटत नाही. आमच्या जातीला कापडाचा कुठलाही रोग सांगा, औषध एकच, खळ. मी आईला जोंधळ्याच्या पिठाची घट्ट खळ करायला सांगितली. आई म्हणाली, “ते पाण्यात जायचंय ना रे? पाण्यात जाणाऱ्याला खळ कशाला?” मी म्हटलं, तुला शिडातलं काय कळतं. मला तरी काय कळत होतं म्हणा. पण मी तिला हे म्हटलं, आणि तिनं खळ करून दिली, आणि मी तीनदा पाजणी केली. शीड वाळल्यावर पापडासारखं वाजायला लागलं. फिटरनं त्यावर टिचकी मारली, मान हलवली, पण वारा पार होईना म्हटल्यावर गप्प बसला.

मी अजूनही सांगतो, खळ चांगलीच होती.

पहिल्या दिवशी आम्ही बैलगाडीत बोट नेऊन तलावात घातली. चाचा टांग्यातून आले, बांधावर खुर्ची मांडून बसले. वारा कोरडा होता. पाण्यावर तीन ठिकाणी पिंपं तरंगत ठेवलेली, त्यांना वळसा घालून परत बांधापाशी यायचं. फिटर सुकाणूवर, मी शिडाच्या दोरावर. त्याचं काम दिशा धरायचं, माझं काम शीड ओढायचं नाहीतर सोडायचं, आणि बोट कलली की उलट्या बाजूला अंग टाकायचं. माझ्या तळहाताला मागाच्या कामाचे घट्टे होते, तरी दोरानं साल काढली. पण काय पळाली बोट. शीड असं ताठ उभं, जणू लोखंडी पत्रा. आम्ही बांधाच्या अंगानं गेलो, तिथं वारा जास्त होता, आणि दुसरे आलो. पहिली बोट गिरणीच्या इंजिनिअर साहेबाची, ती पलीकडं टेकडीच्या अंगानं गेली होती. आयुष्यात मला इतका आनंद क्वचित झाला असेल. ओल्या धोतरानं धावत मी बांधावर चढलो.

“चाचा, बघितलं?”

“देखा, सब देखा,” चाचा म्हणाले. चेहरा फुललेला. “टेकडी के बाजू से क्या निकले तुम लोगां. वाहवा.”

मी तोंड उघडलं. फिटरनं माझ्या पायावर पाय दिला.

आम्ही चाचांच्या टांग्यातून परतलो. पेठेत उतरल्यावर फिटर खानावळीत गेला, मी चाचांना हात धरून कारखान्यात नेलं. खाटेवर बसल्यावर ते म्हणाले, “टेकडीच्या बाजूनं नाही ना गेला तुम्ही?” मी म्हटलं, नाही चाचा. त्यांनी काठी खाटेला टेकवली. मग म्हणाले, “सगळी पांढरी आहेत रे. पांढरं हललेलं दिसतं मला. पण त्यातलं माझं कुठलं, ते दिसत नाही.” मला त्यांच्या डोळ्यांचा, त्या डॉक्टराचा, साहेबांच्या शिडांचा, सगळ्यांचा एकदम राग आला. काय करावं ते सुचेना, म्हणून मी जोरजोरानं त्यांचा हुक्का साफ करत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी डोलकाठीच्या टोकाला माझा तांबडा रुमाल बांधला. म्हटलं, आता ओळखतील. निघण्याआधी बोट बांधाजवळ आणून विचारलं, दिसतो का. चाचांनी डोळे बारीक केले, मान इकडून तिकडं फिरवली आणि म्हणाले, “काय दिसायचं?”

त्या दिवशी वाराही मस्तीत आला. लाटा बोटीवर फुटत होत्या, आम्ही डोक्यापासून भिजलो, आणि शीडही भिजलं. भिजल्यावर खळीचं काय होतं ते आमच्या जातीच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं, मी ते कसं विसरलो देव जाणे. शिडावरून चिकट पेज ओघळायला लागली. दोर बुळबुळीत झाला, हातातून सुटायला लागला. फिटरच्या मिशांना जोंधळ्याचं पीठ लागलं. तो दर लाटेला मला नवी शिवी देत होता, आणि कोकणात शिव्यांना तोटा नाही. आम्ही शेवटचे आलो. शेजारच्या बोटीतल्या मडमेनं आमच्याकडं बघून नाकाला रुमाल लावला, कारण आंबूस वास येत होता. चाचांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. ते शर्यत चालू असताना पाण्याकडं तोंड करून बसले होते, पण डोळे मिटलेले होते, असं त्यांना आणणाऱ्या टांगेवाल्यानं मला सांगितलं.

शीड ओलं होतं, गुंडाळून ठेवलं तर कुजलं असतं. म्हणून तिथल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यापुढच्या कुडावर ते वाळत टाकलं आणि घरी आलो. शेतकऱ्याला बजावलं, चोरांकडं लक्ष ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी फिटर आणि मी सायकलवरून तलावावर गेलो, तर शेतकरी रस्त्यातच उभा. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

“चोर न्हाई आला,” तो म्हणाला. “गाय सुटली. आमी उटलो तवर निम्मं खाल्लं की तिनं. लई ग्वाड लागलं असंल, हाकलली तरी फिरून यायची.”

खळीचं शीड. जोंधळ्याचं पीठ, दिवसभर पाण्यात भिजून आंबलेलं. गाईला ह्याहून चांगलं आंबोण काय मिळणार. वरचा त्रिकोण तेवढा शिल्लक होता, खाली चघळलेल्या चिंध्या. गाय खुंट्याला बांधलेली, शांतपणे रवंथ करत होती. मी तिच्यासमोर उभा राहून तिला वाट्टेल ते बोललो. ती माझ्याकडं बघत राहिली. फिटर कपाळाला हात लावून बांधावर बसला होता, मग त्याला हसू फुटलं, आणि तो हसायला लागल्यावर मला आणखीनच राग आला.

“वरचं आहे,” तो शेवटी म्हणाला. “खालून कापड जोडलं तर चालेल. वारा सुटायला अजून वेळ आहे. मेल्या, तू कोष्टी ना? कापड आण.”

मी सायकल मारली. पेठेत पोचलो तेव्हा धाप लागलेली. आई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होती. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, मी तुला म्हटलं होतं असंही म्हणाली नाही. मी कोपऱ्यातल्या पांढऱ्या धोतराच्या ताग्याला हात घातला.

“चाचांना काल दिसली का बोट?” तिनं विचारलं.

“नाही. परवाही नाही. म्हणतात, सगळी पांढरी आहेत.”

आईनं धोटा बाजूला ठेवला. तिच्या मागावर लग्नाचं लुगडं होतं, तांबडंलाल, पिवळ्या काठाचं, निम्म्याहून जास्त विणून झालेलं. विणीत असलेलं कापड मध्येच कापायचं नाही, हे आमच्याकडं देवाधर्माइतकं पक्कं. अपशकुन मानतात. माझ्या आईनं तर वडील गेले त्या दिवशीही मागावरच्या कापडाला कात्री लागू दिली नव्हती, सुतक फिटल्यावर पुरं करूनच काढलं होतं. तिनं कात्री मागितली. मला वाटलं, धागा तोडायचा असेल. तिनं फणीच्या अलीकडं कात्री घातली आणि ते लुगडं या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं. कात्रीचा तो आवाज मला अजून येतो.

“आई, अगं ते लग्नाचं,” मी म्हटलं.

“पुन्हा विणीन,” ती म्हणाली. तिनं कापडाची घडी माझ्या हातात दिली. “ने. आणि ह्यालाही खळ आहे, गाईच्या पुढून नेऊ नको.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते तिला दिसू न देता कापड खांद्यावर टाकून निघालो.

फिटरनं दाभण घेऊन मोठे मोठे टाके घातले. शीड तयार झालं तेव्हा वर पांढरं, खाली तांबडं, आणि मधोमध पिवळा काठ गेलेला. क्लबाच्या सेक्रेटरी साहेबानं तोंडातला पाईप काढला, आमच्या बोटीकडं बघितलं आणि पाईप परत तोंडात घातला. नियमात शिडाच्या रंगाचं काही नव्हतं. बांधावर हुरडा खायला आलेली माणसं टाळ्या वाजवत होती, कुणीतरी ओरडलं, वरात आली. मी चाचांकडं बघायचं टाळलं. विचारायचा धीर झाला नाही.

शर्यत सुरू झाली. मी दोर धरला, आणि सबंध वेळ माझं अर्धं लक्ष बांधावर. फिटर ओरडला, समोर बघ. पहिल्या पिंपाला आम्ही तिसरे होतो, दुसऱ्याला दुसरे. तिसरं पिंप पलीकडच्या काठाला होतं, तिथं पाण्यात बुडालेल्या बाभळी होत्या. तिथं बोट फिरवायची, आणि फिरवताना शीड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला घ्यायचं. मी पुन्हा बांधाकडं बघितलं, आणि दोर आधीच सोडला. शीड फडफडलं, बोट मेली, बाभळीच्या शेंड्यांत जाऊन अडकली. वल्ह्यानं ढकलून काढेपर्यंत दोन बोटी पुढं गेल्या. परत येताना आम्ही जिवाच्या करारानं धावलो, एकीला मागं टाकलं, दुसरी हाती लागली नाही. तिसरे आलो. एकूण हिशेबात कुठं बसलो ते मला आठवत नाही, आणि खरंच सांगतो, तेव्हाही मी ते विचारलं नाही.

बोट काठाला लागली तेव्हा चाचा खुर्चीत नव्हते. काठी टेकत, दगडांना चाचपत, ते एकटेच बांध उतरून पाण्याकडं येत होते. टांगेवाला मागून धावत होता. चाचांचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, पडले की काय, कुणी काही बोललं की काय.

“वो बाभली के पास,” ते लांबूनच म्हणाले, “रस्सी किसके हात में थी?”

मी म्हटलं, “माझ्या.”

“गधे. घोडा मुडने के पहले लगाम छोडते क्या? अच्छी भली दुसरी चल रही थी. बांध के बाजू से निकली, टेकडीवाली को पीछे डाली, पहले पिंप के बाद ऐसी झुकी, ऐसी,” आणि त्यांनी हात तिरपा करून दाखवला, अगदी जेवढी कलली होती तेवढाच, “और तूने क्या किया? किधर देख रहा था?”

माझ्यासारख्या तापट माणसाला असं चारचौघांत कुणी बोललं असतं तर मी तिथल्या तिथं उलटून बोललो असतो. त्या दिवशी मी मान खाली घालून उभा राहिलो आणि ऐकत राहिलो. फिटर दुसरीकडं तोंड करून दोर गुंडाळत होता, एकच दोर, पुन्हा पुन्हा. चाचा थांबेचनात. परतीच्या टांग्यात, थेट पेठेपर्यंत, मी कुठल्या पिंपाला कशी ओढ उशिरा दिली, ते सगळं त्यांनी मला सुनावलं. एकही गोष्ट चुकीची नव्हती.

घरी आलो. आई दारात उभी होती. तिनं बोट कितवी आली ते विचारलं नाही.

“काय म्हणाले?”

“मला शिव्या दिल्या,” मी म्हटलं. “तलावापासून इथपर्यंत. बाभळीपाशी दोर आधी सोडला म्हणून.”

आई पुन्हा मागाच्या खड्ड्यात उतरली आणि कापलेल्या ताण्याचा एकेक धागा उचलून गाठ मारायला लागली.

“म्हणजे दिसली,” ती म्हणाली.